तबकडीतला चित्रपट मोबाइलवर आणताना

संगणकात डीव्हीडी घालून उघडली की दोन फोल्डर दिसतात : ‘ऑडिओ_टीएस’ आणि ‘व्हिडिओ_टीएस’. पहिला बहुधा रिकामाच असतो. सगळा ऐवज दुसऱ्यात. तिथे ‘आयएफओ’ नावाच्या छोट्या फाइली असतात, त्यांच्याच राखीव प्रती असलेल्या ‘बीयूपी’ असतात, आणि ‘व्हीओबी’ हे शेपूट लावलेल्या काही भल्यामोठ्या फाइली असतात. चित्रपट असतो तो या व्हीओबींत, पण सलग नाही. एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी असू नये असा डीव्हीडीचा नियम आहे, म्हणून एकाच चित्रपटाचे चार-पाच किंवा सात तुकडे पाडलेले असतात. यांतली पहिली फाइल मोबाइलवर टाकून बघायला बसले की चित्रपट वीस-पंचवीस मिनिटांत, कथानक कुठे सुरू होते न होते तोच, बंद पडतो. पुष्कळदा तेवढाही चालत नाही. फोनचा प्लेअर फाइल ओळखतच नाही, किंवा चित्र दिसते आणि आवाज येत नाही.

यात फोनचा दोष नाही. डीव्हीडी बाजारात आली १९९६च्या नोव्हेंबरात, जपानमध्ये. तेव्हा घरातला टीव्ही म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा जड खोका होता, आणि डीव्हीडीतली प्रत्येक गोष्ट त्या खोक्याला डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहे. चित्र साठवण्याची पद्धत एमपीईजी-२. भारत आणि युरोपच्या पाल पद्धतीत चित्राची मापे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० ठिपके आणि सेकंदाला २९.९७ चित्रे. भारतातला टीव्ही पाल असला तरी हिंदी चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी एनटीएससीत निघाल्या, त्यामुळे कपाटातली तबकडी कुठल्या पद्धतीची आहे हे तपासल्याखेरीज सांगता येत नाही. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या तबकडीत ८.५ जीबी.

आजचे फोन मात्र एच.२६४ या २००३ साली आलेल्या पद्धतीवर वाढलेले आहेत. ती उलगडण्यासाठी फोनच्या चिपमध्ये वेगळा भागच असतो. एमपीईजी-२साठी असा भाग असेलच असे नाही. मग ते काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते, फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. व्हीएलसीसारखे प्लेअर व्हीओबी चालवतात खरे, पण पाच-सात जीबींचे तुकडे फोनवर वागवण्यात अर्थ नाही. चित्र नव्या पद्धतीत बांधून घ्यावे लागते, आणि ते बांधताना पिक्चर ट्यूबसाठी केलेल्या तडजोडी एकेक करून सोडवाव्या लागतात. खरी कसोटी तिथेच आहे. बाकीचे सॉफ्टवेअर करते.

त्याआधी कुलपाचा प्रश्न. विकत मिळणाऱ्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असते, आणि जगाचे तुकडे पाडणारा विभाग क्रमांकही. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्यात. शिकागोच्या आत्याने पाठवलेली तबकडी पुण्यातल्या प्लेअरवर का चालत नाही, याचे उत्तर या क्रमांकात असते. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण साधारण पाचदाच. मग शेवटचा क्रमांक कायमचा. सीएसएसची किल्ली अवघी ४० बिटांची होती आणि हे कुलूप १९९९मध्येच फुटले. त्या प्रकरणात नॉर्वेत योन लेक योहान्सेन या तरुणावर खटला चालला आणि २००३मध्ये तो निर्दोष सुटला. कुलूप कच्चे निघाले म्हणून कायदा मागे हटला नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दुसरीकडे कलम ५२ खासगी वापरापुरत्या रास्त व्यवहाराला मुभा देते. अमेरिकेचा १९९८चा कायदा यापेक्षा कडक असून तिथे कुलूप उघडणे हाच मुळात आक्षेपार्ह प्रकार मानला जातो; तिकडे राहणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. हॅंडब्रेकसारखी चांगली रूपांतर सॉफ्टवेअर कुलूप उघडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. कुलूपबंद तबकडी दिली की ती वाचायला नकार देतात किंवा चौकोनी ठिकऱ्या उडालेले चित्र दाखवतात.

घरी तयार झालेल्या डीव्हीडीला असले कुलूप नसते, आणि घरोघरी वाचवण्याजोग्या तबकड्या खरे तर त्याच आहेत : लग्नाची, मुंजीची, शाळेच्या गॅदरिंगची, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. त्या बहुतेक डीव्हीडी-आर जातीच्या. विकतच्या तबकडीत खड्डे साच्यातून उमटवलेले असतात. डीव्हीडी-आरमध्ये लेसरने एका रंगद्रव्याच्या थरावर खुणा जाळलेल्या असतात, आणि तो थर उन्हाने व दमटपणाने खराब होतो. कोकणातल्या चार पावसाळ्यांतून कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिलेल्या तबकडीचे काय झाले असेल, ते ड्राइव्हमध्ये घातल्यावरच कळते. म्हणून पहिले काम रूपांतराचे नाही. पहिले काम तबकडीची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर उतरवण्याचे. बिनकुलपाचा ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर उचलून ठेवला तरी चालते, आख्ख्या तबकडीची आयएसओ फाइल केली तर अधिक चांगले. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो; यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा लागतो.

तबकडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसू नये, कारण माहिती गोलाकार वाटेवर लिहिलेली असते. त्या दिशेने ओरखडा गेला तर सलग भाग जातो, आडवा ओरखडा गेला तर थोडाथोडाच जातो आणि चूक दुरुस्त करण्याची तबकडीतलीच सोय ते भरून काढते. इतके करूनही ड्राइव्ह घरघरत एकाच जागी अडकत असेल, तर डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते आधी जे नीट वाचता येते ते सगळे उतरवून घेते आणि बिघडलेल्या जागांकडे नंतर पुनःपुन्हा वळते. दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवरही प्रयत्न करावा; एकाने नाकारलेली तबकडी दुसरा सहज वाचतो असा अनुभव नेहमी येतो.

प्रत हाती आली की हॅंडब्रेक. एरिक पेटिट यांनी हे सॉफ्टवेअर २००३मध्ये बीओएस नावाच्या, आता विस्मृतीत गेलेल्या संगणक प्रणालीसाठी लिहिले. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मोफत मिळते. त्याचे चिन्ह अननस आणि शेजारी पेयाचा पेला. चित्रपटाशी त्याचा संबंध काय, असे विचारण्यात हशील नाही. त्याला एकेक व्हीओबी द्यायची नसते, पूर्ण फोल्डर किंवा आयएसओ द्यायची. मग तो आयएफओ वाचून तुकडे आपणच जोडतो आणि ‘टायटल’ची यादी दाखवतो. सर्वांत लांब टायटल म्हणजे बहुधा मूळ चित्रपट. लग्नाच्या डीव्हीडीत मात्र छायाचित्रकाराने हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागत समारंभ अशी वेगवेगळी टायटल केलेली असू शकतात. प्रत्येकाची वेगळी फाइल करावी लागते.

यानंतर प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या निवडींचा संच. पाल तबकडीला ‘फास्ट ५७६पी२५’, एनटीएससीला ‘फास्ट ४८०पी३०’. फाइलचा प्रकार एमपी४, चित्राची पद्धत एच.२६४, आवाज एएसी. या तिघांचे त्रिकूट कुठल्याही स्मार्टफोनवर, अगदी सात-आठ वर्षांपूर्वीच्याही, विनातक्रार चालते. एच.२६५ ही २०१३ची पद्धत तेवढ्याच दर्जाला जागा कमी घेते, पण डीव्हीडीच्या छोट्या चित्राला त्याचा फायदा बेताचा आणि रूपांतराला वेळ जास्त. जुना फोन असलेल्या मावशीलाही फाइल द्यायची असेल तर एच.२६४च बरे.

दर्जासाठी आरएफ नावाची सरकपट्टी असते. आकडा जितका कमी तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ हा पल्ला हॅंडब्रेकचे कर्ते सुचवतात. २० धरून चालावे. अमुक एवढ्याच एमबीत बसव, असा हुकूम सॉफ्टवेअरला देता येतो, पण तो देऊ नये. आरएफ ठरवले की सॉफ्टवेअर स्वतःच दर दृश्याचा हिशोब करते : दोन माणसे खुर्चीत बसून बोलत असली की काटकसर, पन्नास जणांचा नाच सुरू झाला की सढळ हात. सरासरी सेकंदाला दीड मेगाबिट पडली, तर अडीच तासांच्या म्हणजे ९,००० सेकंदांच्या चित्रपटाला सुमारे १.७ जीबी लागतात. तोच चित्रपट दोन थरांची तबकडी पूर्ण भरून असेल, तर तिथे सेकंदाला साडेसात मेगाबिटांची चैन असते. याच्या उलट टोकाला एका तबकडीत तीन चित्रपट कोंबलेल्या स्वस्त डीव्हीडी. तिथे दोन थर धरले तरी वाट्याला सेकंदाला अडीच मेगाबिट येतात आणि चौकोन मूळ चित्रातच दिसू लागतात. अशा तबकडीला आरएफ १८ ठेवून काही कमाई होत नाही. चौकोन तेवढे अधिक निगुतीने जपले जातात.

चित्र मोठे करण्याचा मोहही इथेच होतो. ७२० बाय ५७६ म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोनच्या फुल एचडी चित्रात याच्या बरोबर पाचपट. म्हणून रूपांतरातच ते १०८०पर्यंत ताणावे, असे वाटते. ताणून तपशील वाढत नाही, फाइल तेवढी फुगते. चित्र पडद्याएवढे करण्याचे काम फोन चालता चालता करतोच. कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर नसलेला तपशील कल्पनेने भरतात. घरच्या माणसांच्या चेहऱ्यावर तो प्रयोग केला की आजी ओळखू येईनाशी होते.

आता चित्राचा आकार. ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५, आणि गंमत अशी की एकाही टीव्हीचा पडदा या प्रमाणाचा नव्हता. जुना टीव्ही ४:३, नवा १६:९. तबकडीत दोन्हींसाठी ठिपके तेवढेच. सोबत एक खूण असते, आणि ती वाचून प्लेअर चित्र आडवे ताणतो, ४:३साठी ७६८ रुंदीपर्यंत, १६:९साठी १०२४पर्यंत. रूपांतरात ही खूण हरवली की सगळी माणसे सडपातळ आणि उंच होतात, लाडू अंड्यासारखे दिसू लागतात. हॅंडब्रेकमध्ये ‘ॲनामॉर्फिक’ची निवड ‘ऑटोमॅटिक’ ठेवली की खूण जपली जाते. खात्री करायला एखादी गोल वस्तू असलेले दृश्य शोधावे. घड्याळ, ताट, गाडीचे चाक, काहीही. माणसाच्या चेहऱ्यावर विसंबू नये, डोळा त्याला पटकन सरावतो.

जुन्या हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडीत याहून वाईट प्रकार आढळतो. चित्रपट सिनेमास्कोप, म्हणजे २.३५:१ प्रमाणाचा. तो ४:३च्या चौकटीत बसवण्यासाठी वर आणि खाली काळे पट्टे चित्रातच भरून टाकलेले असतात. ५७६ ओळींपैकी खऱ्या चित्राच्या वाट्याला जेमतेम ३२७ येतात, उरलेल्या अडीचशे ओळी काळा रंग. तसेच रूपांतर केले तर फोन त्या ४:३ चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूला आपले पट्टे घालतो, आणि चित्रपट चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, टपाल तिकिटाएवढा, मधोमध बसलेला दिसतो. पट्टे कापणे हाच उपाय. हॅंडब्रेक ते आपोआप करतो, पण अंधाऱ्या दृश्यांनी त्याची फसगत होऊ शकते. ‘डायमेन्शन्स’मधले आकडे पाहून ते नजरेने पडताळावेत. पट्टे गेल्यावर मात्र जे घडते ते सुखद असते. आजच्या फोनचा पडदा बहुधा २०:९, म्हणजे २.२२:१. सिनेमास्कोप चित्रपट त्यात जवळजवळ काठोकाठ बसतो, इतका की दिवाणखान्यातल्या टीव्हीतही तो असा कधी बसला नव्हता.

पिक्चर ट्यूबचा दुसरा वारसा विणलेल्या चित्राचा. ट्यूबवर एक पूर्ण चित्र एका दमात उमटत नसे. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे. व्हिडिओ कॅमेराही तसेच टिपत असे, म्हणजे विषम ओळींतला क्षण आणि सम ओळींतला क्षण यांत एक-पन्नासांश सेकंदाचे अंतर. ट्यूबवर हे जाणवत नसे. फोन दोन्ही अर्धचित्रे एकत्र दाखवतो, आणि हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. लग्नाच्या डीव्हीडीत हे पाहायला उत्तम जागा म्हणजे मंगलाष्टकांचा शेवट. अंतरपाट बाजूला होतो, त्याची कड आडव्या रेघांनी फाटल्यासारखी दिसते. हवेतली प्रत्येक अक्षता दोन जागी, मधे रिकाम्या रेघा. हार घालायला उंचावलेले हात झिरमिळ्यांचे. स्थिर बसलेले भटजी मात्र स्वच्छ.

‘फिल्टर्स’मध्ये ‘डीकोम्ब’ नावाची सोय या दातांसाठी आहे. जिथे दात दिसतील तेवढीच चित्रे ती दुरुस्त करते, बाकीच्यांना हात लावत नाही. प्रीसेटमध्ये ती सुरूच असते. कॅमेऱ्यावर टिपलेल्या घरगुती व्हिडिओसाठी याहून चांगला मार्ग ‘बॉब’चा. तो प्रत्येक अर्धचित्राचे पूर्ण चित्र करतो, सेकंदाला ५० चित्रे मिळतात, आणि नाचाची, धावण्याची हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी तुळतुळीत दिसते. फक्त चित्रांचा दर ‘५०’ ठरवावा लागतो. प्रीसेटचा २५ तसाच राहिला तर निम्मी चित्रे टाकून दिली जातात आणि खटाटोप वाया जातो. फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटाला बॉब लावू नये. तिथे दोन्ही अर्धचित्रे एकाच क्षणाची असतात.

फिल्मचा वेग सेकंदाला २४ चित्रे. पाल तबकडी करताना ती सर्रास २५च्या वेगाने पळवली जाते, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो आणि गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वराहून किंचित कमी, पण चढते. तयार कानाला ते कळते. एनटीएससीत २४चे ३०च्या जवळ नेताना काही अर्धचित्रे दोनदा दाखवतात. ती काढून मूळ २४वर परतण्यासाठी ‘डीटेलिसिन’ नावाचा फिल्टर आहे. तो लावला की कॅमेरा आडवा फिरताना बसणारे बारीक हिसके जातात.

आवाजाची तक्रार सगळ्यांत जास्त येते. डीव्हीडीवर बहुधा डॉल्बीचा एसी-३ आवाज असतो, आणि तो उलगडण्याची सोय कित्येक फोनमध्ये वा प्लेअरमध्ये नसते. मुक्या चित्रपटाचे कारण हेच. म्हणून एएसी, स्टिरिओ, सेकंदाला १६० किलोबिट. पण सहा स्पीकरांसाठी मिसळलेला आवाज दोनांत उतरवताना मधल्या स्पीकरचे संवाद दबतात. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्याच मारामारीत कानठळ्या. ‘ऑडिओ’मध्ये ‘डीआरसी’ नावाचा आकडा यासाठीच आहे. तो १.५ ते २.५च्या दरम्यान ठेवला की हळू आवाज वर येतो आणि मोठा आवरला जातो. लोकलमध्ये किंवा एसटीत इयरफोन लावून पाहणाऱ्याला याचा फरक चित्राच्या दर्जापेक्षा अधिक जाणवतो.

डीव्हीडीतली सबटायटल अक्षरे नसून चित्रे असतात. त्यामुळे एमपी४ फाइलमध्ये ती चालू-बंद करता येतील अशी धडपणे राहत नाहीत. चित्रावर कायमची छापावीत, म्हणजेच ‘बर्न इन’ करावीत, किंवा फाइल एमकेव्ही प्रकारची करून व्हीएलसीत पाहावी. पट्टे कापलेल्या चित्रपटात सबटायटल त्या काळ्या पट्ट्यावरच बसवलेली होती का, ते एकदा पाहून घ्यावे.

सगळे ठरल्यावर थेट तीन तासांचे रूपांतर सुरू करू नये. हॅंडब्रेकमध्ये ठरावीक सेकंदांचा तुकडा निवडता येतो. एक हालचालीचे दृश्य आणि एक रात्रीचे, दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून फोनवर पाहावेत. अंधारात आकाशाचे पट्टे पडत असतील तर आरएफ एक-दोनने खाली आणावा.

तयार फाइल यूएसबी केबलने, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून टाकणे सर्वांत सोपे. आयफोनवर व्हीएलसीत उतरवता येते. ३२ जीबी किंवा त्याहून लहान मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीचे असते आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, पण वर सांगितलेल्या मापांत तेवढी मोठी फाइल सहसा होतच नाही. उतरवल्यावर शेवटची पाच मिनिटे चालवून ओठ आणि आवाज जुळतात का ते बघावे. बिघडलेल्या तबकडीत हा फरक सुरुवातीला दिसत नाही, साचत साचत शेवटी दिसतो. लग्नाची फाइल नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर २ जीबीच्या आत ठेवून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवली की ती वाटेत पुन्हा दाबली जाते, आणि दात काढून स्वच्छ केलेल्या अक्षता पलीकडे धुरकट होऊन पोहोचतात.